लाडकी बहीणचा हप्ता थांबला? आधी कारण शोधा, मग घर सावरा

"टीचर, माझे पैसे का बंद झाले? शेजारणीचे तर येतात." गेल्या वर्षभरात पालकसभेत मुलांच्या मार्कांपेक्षा हा प्रश्न जास्त वेळा कानावर आला. जोगेश्वरी, साकीनाका, घाटकोपरचं चिरागनगर, पार्कसाइट, मुलुंड, बोरिवली, कुठेही जा, महिन्याला १,५०० रुपये मिळणाऱ्या आणि अचानक मिळेनाशा झालेल्या भगिनी भेटतात. कुणी म्हणतं सरकारने योजना गुंडाळली. कुणी म्हणतं आपल्याच लोकांची नावं काढली. कुणी एजंटला पाचशे रुपये देऊन मोकळं होतं.

अफवेने घर चालत नाही. म्हणून या लेखात तीन गोष्टी एकत्र दिल्या आहेत: नियम काय आहेत, हप्ता थांबण्याची कारणं कोणती आणि त्यावर उपाय काय, आणि पैसे परत आलेच नाहीत तर घर कसं बसवायचं. लेख जपून ठेवा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

योजना काय होती, काय बदललं

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षांच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार महिला, तसंच कुटुंबातली एक अविवाहित महिला यांना दरमहा १,५०० रुपये थेट बँक खात्यात देण्याचं ठरलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये ऑगस्ट २०२४ मध्ये खात्यांत पडले.

सुरुवातीला अर्ज भराभर मंजूर झाले. नियम कागदावर पहिल्यापासून होते, तपासणी मात्र नंतर सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सुमारे ५ लाख महिला अपात्र ठरल्याचं सांगितलं. त्यात २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या आणि १ लाख १० हजार ६५ वर्षांवरच्या. बाकीच्यांच्या घरी चारचाकी होती, किंवा त्या दुसऱ्या योजनेच्या लाभार्थी होत्या, किंवा त्यांनी स्वतःहून नाव मागे घेतलं होतं. जुलै २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार अर्जांचा लाभ जून महिन्यापासून स्थगित केल्याची माहिती आली. त्या वेळी सुमारे सव्वादोन कोटी महिलांचे पैसे सुरू होते.

१८ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने ई-केवायसी सक्तीची झाली. तिची मुदत आधी १८ नोव्हेंबर होती, ती पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. ई-केवायसीत महिलेच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही जोडायचा होता. अनेक घरं इथेच अडकली.

आकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. गाळणी सगळ्या समाजांना लागली आहे, ती फक्त आपल्याला लागलेली नाही. पण कागद विस्कळीत असले की फटका जास्त बसतो, आणि आपल्याकडे कागद विस्कळीत असतात, हेही खरं आहे.

हप्ता का थांबला? आठ कारणं आणि उपाय

अंगणवाडी सेविका, वॉर्डमधलं मदत केंद्र किंवा योजनेचं संकेतस्थळ, यांपैकी कुठूनही आधी अर्जाची स्थिती काढा. १८१ या महिला हेल्पलाइनवरही विचारता येतं. "बंद झालं" एवढ्या उत्तरावर परत येऊ नका, कारण विचारा. बहुतेक वेळा ते खालीलपैकी एक असतं.

१. आधार दुसऱ्याच बँकेला जोडलेला. सरकारी पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधारला जी बँक शेवटची जोडली गेली तिथे ते जातात. कधीतरी सिमकार्ड घेताना उघडलेलं खातं, माहेरचं जुनं खातं, कर्जासाठी काढलेलं खातं, यात पैसे पडून असतात आणि बाईला पत्ताच नसतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' बघा, मग हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडण्याचा फॉर्म भरा.

२. नावात फरक. आधारवर 'शेख', पासबुकवर 'शैख'. कुठे 'बी' आहे, कुठे 'बानो', कुठे काहीच नाही. रेशनकार्डवर नवऱ्याचं नाव, आधारवर वडिलांचं. आपल्या घरात हे नेहमीचं आहे. एक स्पेलिंग ठरवा, आधार त्याप्रमाणे करून घ्या आणि मग बाकीचे कागद आधारप्रमाणे बदला. उलट क्रमाने गेलात तर दोनदा फेऱ्या पडतील.

३. ई-केवायसी अपुरी किंवा चुकीची. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश, यांची साक्षांकित प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची, असा नियम झाला. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आणि गुन्हा आहे, तेव्हा त्याची चिठ्ठी पुरावा म्हणून चालणार नाही. नवऱ्याने टाकून दिलं आहे आणि हातात कागदच नाही, अशी बहीण सगळ्यात जास्त अडचणीत असते. तिने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

४. एका कुटुंबात दोनपेक्षा जास्त महिला. सास आणि दोन जावा एकाच रेशनकार्डावर असतील तर तिसरं नाव अडकतं. चूल खरोखर वेगळी असेल तर रेशनकार्ड वेगळं करून घ्या. फक्त योजनेसाठी खोटं वेगळेपण दाखवू नका, चौकशीत ते उघडं पडतं.

५. घरात चारचाकी. सूट फक्त ट्रॅक्टरला आहे. गाडी दोन वर्षांपूर्वी विकली, पण आरटीओत अजून तुमच्याच नावावर असेल, तर सरकारच्या लेखी ती तुमचीच आहे. आधी नाव बदलून घ्या आणि तो कागद जोडा.

६. घरात आयकर भरणारा, किंवा सरकारी नोकरीतला कायम कर्मचारी, किंवा पेन्शनधारक आहे. हे कारण खरं असेल तर धावपळ करू नका.

७. दुसरी सरकारी मदत मिळते. संजय गांधी योजनेचे १,५०० मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. ज्यांच्या नावावर कोकणात शेती आहे आणि पीएम-किसान व नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२,००० येतात, त्यांना लाडकी बहीणचे महिन्याला फक्त ५०० मिळतात. राज्यात अशा सुमारे पावणेआठ लाख महिला आहेत. रत्नागिरी-रायगडची जमीन आणि मुंबईची खोली, असं दुहेरी घर असलेल्यांनी हे आधी तपासावं.

८. वय ६५ पूर्ण झालं. मग पुढचा अर्ज श्रावणबाळ योजनेचा. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

पहिली पाच कारणं बऱ्याचदा कागदाने दुरुस्त होतात. शेवटची तीन होत नाहीत. आपलं कारण कोणत्या गटात आहे हे कळलं की अर्धी चिंता संपते, कारण काय करायचं ते ठरवता येतं. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ई-केवायसीला सरकार पैसे घेत नाही. ओटीपी कुणाला सांगू नका, आणि संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघून घ्या.

एक जोडधक्काही ध्यानात ठेवा. अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात, ते उज्ज्वला आणि लाडकी बहीणच्या लाभार्थींना. लाडकी बहीणमधून नाव गेलं आणि उज्ज्वलाचं कनेक्शन नसेल, तर ते सिलिंडरही जातात.

योजना वेगळी, कायदा वेगळा

लाडकी बहीण ही शासन निर्णयाने आलेली योजना आहे. शासन निर्णयाने आलेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने बदलते. तिजोरीत पैसे किती यावर ती अवलंबून असते. या योजनेसाठी २०२४-२५ मध्ये ४६,००० कोटी रुपयांची तरतूद सांगितली होती, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले गेले. सणाला १०० रुपयांत मिळणारा 'आनंदाचा शिधा' २०२२ च्या दिवाळीला सुरू झाला आणि २०२५ च्या सणांना मिळाला नाही. परदेशातही असंच होतं. ब्रिटनमध्ये कोविडच्या काळात गरीब घरांना आठवड्याला २० पौंड वाढवून दिले होते, ऑक्टोबर २०२१ मध्ये ते काढून घेतले.

कायद्याने मिळालेला हक्क असा सहज जात नाही. रोजगार हमी आपल्याच महाराष्ट्रात सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात योजना म्हणून रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि म्हणून ती टिकली. रेशनमागे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. मुलांच्या शाळेमागे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे.

यातून घरासाठी एक नियम निघतो. खोलीचं भाडं, कर्जाचा हप्ता, शाळेची फी हे खर्च कधीही योजनेच्या पैशावर लावू नका. योजनेचा पैसा आला तर बचत, औषध, कपडे यांवर जाऊ द्या. आणि योजना गेली की आधी कायद्याचे हक्क पूर्ण घेतलेत का, हे तपासा.

मागून घ्यायच्या गोष्टी

रेशन. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. प्राधान्य यादीसाठी शहरात वर्षाला ५९,००० रुपयांची उत्पन्न मर्यादा आहे. मुंबईच्या महागाईत ती फार कमी आहे, त्यामुळे नव्याने नाव लागणं कठीण जातं. म्हणूनच ज्यांचं नाव यादीत आहे त्यांनी ते जपावं. घरातल्या प्रत्येकाची रेशनची ई-केवायसी झाली का ते बघा, नव्या बाळाचं आणि लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव चढवा. दुकानदार पावती देत नसेल तर १९६७ वर तक्रार करा किंवा आपल्या शिधावाटप कार्यालयात लेखी द्या.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्तींसाठी संजय गांधी योजना, ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ. दोन्हींत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केले आहेत. अट कडक आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, दिव्यांगांसाठी ५०,०००. अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा. मुंबई उपनगर जिल्ह्यात तीन तालुके आहेत: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर आणि मुलुंडवाल्यांचा तालुका कुर्ला. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे.

उत्पन्नाचा दाखला. सेवा हक्क कायदा २०१५ खाली हा ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो, न दिल्यास अपील करता येतं. मार्च २०२५ मध्ये महसूल विभागाने अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठीचा ५०० रुपयांचा स्टॅम्प माफ केला. कुणी स्टॅम्प पेपर मागितला तर हे सांगा.

दवाखाना. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ही योजना भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, रोजच्या तापा-खोकल्यासाठी नाही. त्यासाठी महापालिकेचा 'आपला दवाखाना' आणि मोठी रुग्णालयं आहेत: विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी, कांदिवलीचं शताब्दी. रांग लागते, पण प्रत्येक वेळी खासगी डॉक्टरला तीनशे-चारशे देण्यापेक्षा साध्या आजाराला रांग परवडते.

कामगार मंडळ. घरात कुणी पेंटर, सुतार, फिटर, टाइल्सचं काम करणारा असेल आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करा. नोंदीत कामगाराच्या मुलांना पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीसाठी ५,००० रुपये मिळतात, अट ७५ टक्के हजेरीची. आपल्या वस्त्यांत हे काम करणारे हजारो आहेत, नोंद मात्र फार थोड्यांची. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनींसाठी घरेलू कामगार मंडळ वेगळं आहे.

घरखर्च कसा बसवायचा: एक उदाहरण

समजा साकीनाक्याला भाड्याच्या खोलीत पाच माणसं राहतात. नवरा रिक्षा चालवतो, मालकाचं भाडं आणि गॅस जाऊन हातात १६,००० राहतात. बायको घरी फॉल-बीडिंग करून ३,५०० मिळवते. लाडकी बहीणचे १,५००. एकूण २१,०००. खर्च असा: खोली ६,५००, किराणा-भाजी-दूध ७,०००, शाळा आणि क्लास २,२००, वीज-गॅस १,६००, कर्जाचा हप्ता १,५००, भिशी १,०००, मोबाइल ७००, औषध ५००. बरोबर २१,०००. वर काहीच उरत नाही. १,५०० गेले तर वर्षाचे १८,००० जातात.

अशा घराने काय करावं? आधी जे हलवता येत नाही त्यावर खूण करा: खोली, कर्जाचा हप्ता, शाळा. मग उरलेल्यात हात घाला. मोबाइलचे दोन रिचार्ज असतील तर एक छोट्या प्लॅनवर आणा, ३०० वाचतील. विजेचा दर १०० युनिटनंतर वाढतो, महिना १०० च्या आत ठेवता आला तर वीज-गॅसमध्ये २०० कमी होतात. किराणा रोज पुडीत न आणता महिन्याचा एकदम भरला, तेल-डाळ-साबण घाऊक दुकानातून आणलं, तर ५०० वाचू शकतात. साध्या आजाराला पालिकेचा दवाखाना धरला तर ३००. हे झाले १,३००. उरलेले २०० जास्तीच्या कामातून काढता येतील. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील, पण क्रम हाच ठेवा. आणि हे काम नवरा-बायकोने एकत्र बसून, वहीत लिहून करा.

एक गोष्ट या हिशेबात दिसत नाही. ते १,५०० रुपये बाईच्या खात्यात येत होते. मुलीला चप्पल घ्यायची, स्वतःची तपासणी करायची, तर कुणाला विचारावं लागत नव्हतं. काटकसरीतून वाचलेले १,३०० मात्र नवऱ्याच्या खिशात राहतात. हप्त्याबरोबर तिचा हा शब्दही गेला तर नुकसान दुप्पट होतं. म्हणून वाचवलेल्या पैशातले निदान तीनशे-चारशे दर महिन्याला तिच्या खात्यात टाका, आणि तिच्या पीसवर्कचे पैसे तिच्याच हातात राहू द्या. खातं चालू राहिलं तर उद्या दुसरी योजना मिळताना तेच कामाला येईल.

कर्ज, भिशी आणि जकात

पैसे कमी पडले की पहिला फोन बचतगटाच्या नावाने कर्ज देणाऱ्या कंपनीचा येतो. सही करण्याआधी नियम जाणून घ्या. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत ठरवलं आहे. अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. गल्लीतल्या सावकाराकडे परवाना आहे का ते विचारा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे.

भिशी चालू असेल तर मधेच सोडू नका, बाकीच्या दहा जणी अडचणीत येतात. गटाशी बोलून आपला नंबर पुढे घेता येतो का ते बघा. नवी भिशी धरताना रक्कम निम्मी ठेवा.

जकात आणि सदका यांचाही विचार करावा लागेल. मदत देणारा बहुतेक वेळा रमजानमध्ये एकदम देतो, पण हप्ता बारा महिने थांबलेला असतो. मोहल्ल्यातल्या मस्जिदीच्या किंवा जमातीच्या बैतुलमालने जकातीचा काही भाग महिन्या-महिन्याला, ठरावीक घरांना, गाजावाजा न करता दिला तर एखादं घर व्याजाच्या कर्जातून वाचेल. देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ज्यांना सगळ्यात जास्त गरज असते ती घरं बहुधा मागायला येत नाहीत.

मुलांची शाळा: यादीतून बाहेर ठेवा

शिक्षक म्हणून हे सांगणं माझं काम आहे. घरात पैसे कमी झाले की आम्हाला ते हजेरीपटात दिसतं. आधी क्लास बंद होतो, मग सहल, मग सोमवारची गैरहजेरी. मोठा मुलगा गॅरेजला, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला.

असा बदल आपण एकदा पाहिला आहे. २०२२-२३ पासून केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली आणि फक्त नववी-दहावीला ठेवली. कारण दिलं की आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याने शिक्षण मोफत आहेच. उच्च शिक्षणाची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी थांबली. वही, रिक्षा, गणवेश यांचा खर्च मात्र कायद्याने थांबला नाही.

म्हणून जे आहे ते पूर्ण घ्या. महापालिकेच्या शाळांत, उर्दू माध्यमासह, शिक्षण मोफत आहे आणि दप्तर, गणवेश, बूट, रेनकोट असं २७ वस्तूंचं साहित्यही मोफत मिळतं. शाळा बदलायची वेळ आली तर दाखल्यासाठी थांबू नका. आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. फी भरता येत नसेल तर मुलाला घरी ठेवण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून हप्ते मागा.

दहावीनंतर राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे. आणि मुलींसाठी मोठी गोष्ट म्हणजे जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मोमीन, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या घरांनी जातीचा दाखला आणि जात वैधता आत्ताच काढायला घ्यावी. बाकीच्यांनी ईडब्ल्यूएस दाखला काढावा. बारावीच्या निकालानंतर धावलात तर प्रवेशाची तारीख निघून जाते.

एक फाइल, एक तारीख

शेवटचं काम आजच्या आज होण्यासारखं आहे. एक प्लास्टिकची फाइल घ्या. त्यात सगळ्यांचे आधार, रेशनकार्ड, पासबुकचं पहिलं पान, निकाहनामा, लागू असेल तर मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा कागद, उत्पन्नाचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले आणि प्रत्येक अर्जाची पोच ठेवा. वर एका कागदावर लिहा: कोणता अर्ज, कुठे दिला, कोणत्या तारखेला, पुन्हा कधी विचारायचं. दर महिन्याच्या एक तारखेला ती फाइल उघडा. घरात आठवी-नववीचं मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. अर्ज कसा भरायचा, पोच कशी मागायची आणि सरकारी खिडकीवर न घाबरता कसं बोलायचं, हे त्याला घरातच शिकायला मिळेल.